प्रिय मुख्याध्यापिका, आपलं उत्तर मिळालं

१२ मार्च

ताई,

हाताने लिहिलेलं पाकीट बघून आधी तुला वाटेल, की कोण गेलं. कुणी गेलेलं नाही. मी धडधाकट आहे. अक्षर माझंच आहे, चार वर्षांत आणखी बिघडलंय, तेव्हा ते डोळ्याला लावायचं भिंग घे आणि वाच. घड्याळातले केसाएवढे स्क्रू तुला दिसतात, तर माझा 'ळ' दिसायला हरकत नाही.

तू म्हणशील, हिला आजच कुठून जाग आली. सांगते, पण आधी धंद्याचं सांगू दे. मी आता कोच आहे. खेळाची नव्हे. कामं लांबणीवर टाकणाऱ्या लोकांची कोच.

हसलीस ना? इथवर ऐकू आलं.

पण खरंच सांगते, लोक येतात. कुणाला सहा वर्षं माळा आवरायचाय, कुणाला दहा वर्षं प्रबंध संपवायचाय, एका बाईंना तर नुसता दात दाखवायचा होता. मी त्यांना रोज दहा मिनिटांचं काम नेमून देते आणि ती माणसं चक्क करतात. मला हे जमतं, कारण त्यांची एकूण एक सबब मला पाठ आहे. त्यातल्या निम्म्या माझ्याच आहेत. दुसऱ्या मजल्यावर एक खोली घेतली आहे, खाली किल्ल्या बनवणारा बसतो, त्याचं यंत्र दिवसभर किर्रर्र करतं. दोन खुर्च्या, एक टेबल, भिंतीवर तू दिलेलं घड्याळ. ते साडेचारला बंद पडलंय. कुठल्या दिवशीचे साडेचार ते विचारू नकोस. दुरुस्तीला न्यायला हवं, पण तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाकडे न्यायचं म्हणजे कसंतरीच वाटतं.

माणसं वाढली तसं प्रत्येकाला वेगळं पत्र लिहिणं मला झेपेना. मग मशीन लावलं. बारा ईमेल एकदाच लिहून ठेवायचे. माणूस यादीत आला की दर मंगळवारी सकाळी साडेसहाला एकेक ईमेल त्याचं नाव घालून आपोआप जातो. लोकांना वाटतं, बाई पहाटे उठून आपली आठवण काढतात. बाई त्या वेळी घोरत असतात. एखाद्याने उत्तर पाठवलं, तर त्यालाही लगेच पोच जाते, 'आपलं उत्तर मिळालं. आपला शब्दन् शब्द मी स्वतः वाचते.' उत्तरं एका वेगळ्या पेटीत पडतात. एक दिवस निवांत बसून सगळी वाचायची आहेत.

मशीन चालू करण्याआधी एक खोटा ग्राहक घालून बघावा लागतो. तुला गंमत वाटेल, मी तुला घातलं. तो जुना ईमेल-पत्ता मीच तुला उघडून दिला होता आणि तू तेव्हाच म्हणाली होतीस, ज्याला माझ्याशी बोलायचंय त्याने दुकानाची पायरी चढावी. म्हणजे वाचायला कुणी नाही, बिनधोक. नावाच्या रकान्यात 'मुख्याध्यापिका' लिहिलं. तुझं ते नाव माझ्याशिवाय घेतो कोण? नंतर तो पत्ता काढायचा होता. काढला की राहिला, आठवत नाही. उद्या बघते.

आता जाग का आली ते. काल दहावा ईमेल गेला. त्यात काम आहे, 'वर्षानुवर्षं टाळलेला एक फोन आज करा.' आज माझे एक ग्राहक जिना चढून आले. पोस्टातून निवृत्त झालेले, आम्ही त्यांना पोस्टमास्तरच म्हणतो. खुर्चीत बसायच्या आधीच विचारलं, "मॅडम, तुम्ही स्वतः केलाय का असा फोन?" मी म्हटलं, "अर्थातच." त्यांनी माझ्याकडे कमी तिकीट लावलेल्या पाकिटाकडे बघावं तसं बघितलं. ते गेले आणि मी हा कागद घेतला. फोन नको. फोनवर तू गप्प राहिलीस तर मी काय करू? तसं काल सकाळी कुठल्यातरी अनोळखी नंबरवरून दोनदा फोन आला होता, तोही मी घेतला नाही. सकाळी आठला फोन करणारे फक्त विमा विकतात.

आणि तुझ्या डोळ्याच्या त्या ऑपरेशनचं म्हणशील, तर मी आले होते ना? एक दिवस इकडेतिकडे. गाडी चुकली होती. माणसाची गाडी चुकते, ताई. त्यासाठी चार वर्षं अबोला?

तुझं शेंडेफळ


२१ मार्च

ताई,

मागचं पत्र अजून टाकलेलं नाही. तिकीट नव्हतं. बरं, तिकीट होतं, डिंक नव्हता. खणात आहे, हे त्याच्यासोबतच टाकेन.

इकडे पोस्टमास्तर माझ्याकडे नोकरीला लागले. म्हणजे त्यांनी स्वतःलाच लावून घेतलं. झालं असं, की त्यांनी माझ्या पाच ईमेलना पाच लांबलचक उत्तरं पाठवली होती आणि पाचही वेळा तीच पोच मिळाली. गुरुवारी आले ते हातात पाचही पोचा छापून घेऊनच. "मॅडम, अडतीस वर्षं पोस्टात काढली. पुरात काम केलंय, संपात केलंय. पण पत्र घ्यायचं, वाचलं म्हणून सांगायचं आणि पेटी उघडायचीच नाही, असला कारभार मी बघितला नाही."

मी म्हटलं, "पेटी उघडणारच होते."

"कधी?"

दिव्याखाली अंधार तो किती, ते पेटी उघडल्यावर कळलं. तीनशे चाळीस उत्तरं! एका गृहस्थांनी कळवलं होतं, पाय मोडलाय, प्लास्टरमध्ये आहे. त्यांना पुढच्या मंगळवारी मशीनने लिहिलं, 'शाब्बास! आज सकाळी फिरायला जा!' त्यांचं त्यावरचं उत्तर इथे लिहीत नाही, तू संतापशील. नाही, तू हसशील. मी त्यांना फोन करून माफी मागितली, तर ते म्हणाले, "अहो, बाई जिवंत आहेत तर!" आणि अर्धा तास बोलत बसले.

पोस्टमास्तर पडद्यावर वाचायला तयार नाहीत. प्रत्येक उत्तर छापायचं, घडी घालायची आणि बुटांच्या रिकाम्या खोक्यात ज्याच्या त्याच्या नावाने लावायचं. खोली चपलांच्या दुकानासारखी दिसते. मग एकेक खोकं माझ्यापुढे ठेवतात आणि मी उत्तर लिहीपर्यंत हलत नाहीत. ज्या उत्तराचा माणूस ग्राहकांच्या वहीत सापडत नाही, ते 'बेवारस' खोक्यात. ते सगळ्यात शेवटी उघडायचं, असा त्यांचा नियम आहे. मी म्हटलं, आधी उघडलं तर? म्हणाले, "रांग म्हणजे रांग."

चौदा खोकी झाली. माझा हात मोडून आलाय आणि ताई, मला फार मजा येतेय. माणसं काय काय लिहितात! प्रबंधवाले संपवत आले, दातवाल्या बाई दोन दात काढून आल्या. मशीनने त्यांना माझ्याकडे आणून बसवलं खरं, पण समोरच्या खुर्चीत मीच नव्हते.

हे वाक्य लिहिलं आणि तू आठवलीस. दवाखान्यातली, तुझ्याजवळची ती रिकामी खुर्ची. जाऊ दे, ते पुढच्या वेळी.

शेंडेफळ


२ एप्रिल, दुपारी दोन

ताई,

बेवारस खोकं आज उघडलं.

पोस्टमास्तर म्हणाले, "मॅडम, या एका बाईंची अकरा उत्तरं आहेत. वहीत नाव नाही. सही नुसती 'मु.' अशी करतात. कुणी मुख्याध्यापिका असाव्यात." मी खुर्चीत बसले होते ते बरं झालं.

तुझा पत्ता काढायचा राहिला होता. जानेवारीपासून बारा मंगळवार मशीन तुला पत्रं पाठवत होतं आणि तू वाचत होतीस. उत्तरं देत होतीस! माझ्यासमोर अकरा कागद आहेत, तुझेच तुला लिहून दाखवते, म्हणजे मी वाचले याची खात्री पटेल.

पहिलं, 'चुकून आलं का हे? – मु.'

दुसरं, 'पुन्हा आलं. साडेसहाला, सेकंद इकडचा तिकडे नाही. तू जन्मात साडेसहाला उठलेली नाहीस, म्हणजे हे मशीन आहे. पण मशीनला मुख्याध्यापिका कुणी शिकवलं?'

चौथं, 'दहा मिनिटं एक खण आवरा म्हणालात. दोन तास लागले. तुझी शाळेतली लाल रिबन निघाली. ठेवली आहे.'

सातवं, 'तुझं मशीन तुझ्यापेक्षा वक्तशीर आहे. दर आठवड्याला विचारतं, कशा आहात. बरी आहे. डाव्या डोळ्याला आता मिनिटकाटा दिसतो, सेकंदकाटा नाही. बारीक कामं परत पाठवते.'

आणि प्रत्येकाखाली माझी पोच. शब्दन् शब्द मी स्वतः वाचते. ताई, मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

दहावं, 'टाळलेला फोन केला. दुकानातल्या नव्या फोनवरून, दोनदा. तू उचलला नाहीस. मशीनला सांग, मी माझं काम केलं.'

तो विमा तू होतीस!

अकराव्या ईमेलमध्ये मी काम दिलं होतं, 'एका माणसाकडे एक मदत स्पष्ट शब्दांत मागा.' तू लिहिलंस, 'मागते. चार एप्रिलला सकाळी नऊला दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. त्याच दवाखान्यात. तू ये.'

त्यावर पोच गेली. आणि पुढच्या मंगळवारी, म्हणजे गेल्या आठवड्यात, मशीनने बारावा पाठवला. तो मीच लिहिलाय आणि लिहिताना मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं. 'प्रिय मुख्याध्यापिका, अभिनंदन! आपला कार्यक्रम पूर्ण झाला. यापुढे आपल्याला कुणाच्या मदतीची गरज नाही.'

बाराव्याला तुझं उत्तर नाही.

मी रडले. पोस्टमास्तर खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मग म्हणाले, "चार म्हणजे परवा." मी म्हटलं, "उद्या सकाळच्या गाडीने..." त्यांनी नुसतं वळून पाहिलं. 'उद्या' हा शब्द माझ्या तोंडून किती सहज येतो बघ. रात्रीच्याही नाही, आत्ता चारच्या गाडीने निघते. फोन करणार नाही. फोनवर मी 'येते' म्हणेन आणि माझं 'येते' तुला पाठ आहे.

खणातली दोन्ही पत्रं घेतली. घड्याळ भिंतीवरून काढून टॉवेलात गुंडाळलं. पोस्टमास्तर खोकी सांभाळतील.


४ एप्रिल, सकाळी नऊ पंचवीस, दवाखान्यातलं बाकडं

ताई,

तू आत आहेस, दोन दारांपलीकडे, आणि मी इथे मांडीवर कागद घेऊन बसले आहे. समोरची बाई मला पाणी विचारून गेली.

काल दिवसभर मी तुझ्याच गावात होते. तुझ्या दुकानासमोरून तीनदा गेले. तू आत भिंग लावून वाकली होतीस. पायरी चढायचं धाडस झालं नाही, म्हणून लॉजवर जाऊन दोन गजर लावून झोपले. हेही तुला कळू दे. इतकी पत्रं लिहून एक पायरी चढता येत नाही अशी कोच आहे मी.

आज पावणेआठला इथे येऊन बसले. तू आठला आलीस, एकटी, हातात पिशवी. मला बघितलंस आणि आधी मनगटावरच्या घड्याळात बघितलंस.

"नऊची वेळ होती," म्हणालीस. "आत्ता काय करतेस इथे?"

चार वर्षांनंतरचं पहिलं वाक्य! मला हसू आलं आणि रडूही, आणि तू म्हणालीस, "रडायचं तर तिकडे बस, इथे ओलं नको." मग नर्सने विचारलं, "पेशंटसोबत कोण?" मी "मी" म्हटलं ते इतक्या जोरात, की पलीकडच्या खोलीतले आजोबाही "काय?" म्हणाले. नात्याच्या रकान्यात धाकटी बहीण लिहिलं, सही केली. तू बघत होतीस, एका डोळ्याने का होईना.

आता खरं सांगते, तू आत आहेस तोवर. मागच्या वेळी गाडी चुकली नव्हती. मी स्टेशनवर गेलेच नव्हते. दवाखान्याचा वास आला की मला आई आठवते. तुलाही काही झालं तर काय, ही भीती इतकी बसली होती, की सकाळच्या गाडीऐवजी दुपारच्या, दुपारच्याऐवजी रात्रीच्या असं करत मी घरातच बसून राहिले. दुसऱ्या दिवशी फुलं घेऊन आले, वरातीमागून घोडं. 'सोबत कोण' म्हणून तुला चारदा विचारलं आणि शेवटी झाडूवाल्या मावशींनी सही केली, हे मला नंतर कळलं. तू म्हणालीस, "तुझ्या घड्याळात नुसता उद्याच आहे." आणि मला राग आला, कारण ते खरं होतं. माझं चुकलं, ताई. मला माफ कर.

दार उघडलं. तुझं नाव घेतायत. आले.


८ एप्रिल

(ताईला आठवडाभर वाचायची, लिहायची आणि वाकायची बंदी आहे. त्यामुळे ती सांगतेय आणि मी लिहितेय. पत्र मला आहे. कंसातलं माझं.)

चिरंजीव शेंडेफळास,

तू तुझी चारही पत्रं मला मोठ्याने वाचून दाखवलीस. गाडी चुकली ते वाक्य तू खाकरून पुढे नेलंस, ते मी परत वाचायला लावलं. दोनदा. बरं वाटलं.

(तीनदा.)

पहिली गोष्ट. गाडी चुकली नव्हती, हे मला तेव्हाच माहीत होतं. तुझी गाडी चुकली असती तर तू मला फोन करून गाडीला शिव्या दिल्या असत्यास. मला राग आला तो तू न आल्याचा नव्हे, थापेचा. भीती वाटते म्हणाली असतीस, तर मीही म्हटलं असतं, मलाही वाटते.

दुसरी गोष्ट. तो ईमेल मी रोज उघडते. घड्याळांचे सुटे भाग मागवायला तोच पत्ता लागतो. मोठ्या बहिणीला अडाणी समजू नये.

तिसरी. घड्याळ बिघडलेलं नाही. सेल संपलाय.

(हे ऐकून मी लिहायची थांबले. चार वर्षं, ताई? ती म्हणाली, "लिही. चार वर्षं. सेल." आणि मग आम्ही दोघी इतक्या हसलो, की ती डोळा धरून ओरडली, "हसवू नकोस, डॉक्टर मारतील!")

चौथी. तू विचारलंस, मशीन आहे हे कळल्यावरही मी उत्तरं का देत होते. त्यात तुझे शब्द होते. 'घाबरू नका, दहा मिनिटं बसा, मग बघू' असं आपली आई म्हणायची, तू ते ईमेलमध्ये घातलंस. मशीनला ते ठाऊक नव्हतं, मला होतं. मंगळवार सकाळ मी राखून ठेवली होती. पोचेतलं वाक्य खोटं आहे हे दिसत होतं, पण कधीतरी खरं होईल असं वाटायचं.

(इथे मी रुमाल शोधायला उठले. तिने विचारलं, "कुठे चाललीस?" म्हटलं, पाणी आणते.)

तुझ्या पोस्टमास्तरांना माझा नमस्कार सांग. रांगेचा नियम मात्र मोडायला सांग. बेवारस खोकं आधी उघडावं.

आता पाचवी आणि शेवटची. यादीतून माझं नाव काढू नकोस. काढशील अशी भीती मला नाहीच, तू म्हणशील उद्या काढते. पण मशीनकडची बारा पत्रं संपली. तेरावं तू लिही. मंगळवारी. साडेसहाला उठायची गरज नाही, उठशील तेव्हा लिही.

हे पत्र आजच्या आज पोस्टात टाक. समोर बसून लिहिलंस ते मी धरत नाही, पत्र म्हणजे पोस्टाने आलेलं.

मु.

(टाकलं. कोपऱ्यावरच्या पेटीत, डिंक लावून. ताई खिडकीत उभी राहून बघत होती.)


१५ एप्रिल, मंगळवार

प्रिय मुख्याध्यापिका,

सहा पस्तीस झालेत. पाच मिनिटं उशीर झाला. भिंतीवरच्या घड्याळात बघून सांगतेय, ते आता बरोबर चालतं.

तुझं पत्र काल मिळालं. डोळा कसा आहे? सेकंदकाटा दिसतो का? उत्तर पाठव. शब्दन् शब्द मी स्वतः वाचते.

तुझं शेंडेफळ